छोट्या बशांची मेजवानी आणि तिचा हिशेब

आई-वडिलांच्या विवाहाची पन्नाशी, वडिलांची पंचाहत्तरी, मुलीची पहिली नोकरी, सहकाऱ्याची बढती असे प्रसंग साजरे करण्यासाठी कुटुंबे उपाहारगृहात जाऊ लागली, त्याला बराच काळ लोटला. मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली यांसारख्या शहरांत गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. तेथील मेनू कार्डावर ‘स्मॉल प्लेट्स’ असे शीर्षक आढळते. प्रत्येक पदार्थ लहानशा बशीत येतो. तो कोणा एकासाठी नसतो. बशी मेजाच्या मध्यभागी ठेवली जाते आणि सर्वांनी त्यातून थोडेथोडे घ्यावे, अशी अपेक्षा असते. अशा ठिकाणी पोट भरणार की नाही आणि खर्च किती होणार, हे शेवटपर्यंत उमगत नाही, अशी तक्रार आपल्यापैकी अनेकांच्या कानी आली असेल. असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपली पंगत याच्या अगदी उलट आहे. पान वाढले की मीठ वरच्या बाजूस मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये वरणभात. प्रत्येकाचे पान स्वतंत्र. पानावर नजर टाकताच जेवणाचा आवाका कळतो आणि गोड काय आहे, हेही कळते, त्यामुळे पोटात जागा किती ठेवायची ते ठरवता येते. खानावळीतील थाळीनेही हाच नियम पाळला: एक ताट, एक किंमत. छोट्या बशांच्या पद्धतीत ना आवाका आधी दिसतो, ना किंमत एकरकमी असते. (मद्याबरोबर येणारा ‘चखणा’ हा या पद्धतीचा आपल्याकडील जुना नातेवाईक खरा, पण मंगलप्रसंगी त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही!)

या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध जन्मभूमी म्हणजे स्पेन. तेथे अशा पदार्थाला ‘तापा’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाचा किंवा मांसाचा तुकडा झाकत आणि पुढे तोच खाद्यपदार्थ झाला, अशी आख्यायिका सांगतात. तिच्यात एखाद्या राजाचेही नाव गोवले जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी प्रत्यक्ष व्यवहार मोठा मनोरंजक आहे. स्पेनमधील माणसे तापा खाण्यासाठी एका जागी बसून राहत नाहीत. एका ठिकाणी उभ्या उभ्या एक-दोन बशा घ्यायच्या, पैसे द्यायचे आणि पुढच्या दुकानी जायचे. ग्रानादासारख्या शहरात तर पेय मागवले की त्याबरोबर एक तापा विनामूल्य येते. पदार्थाची मापेही ठरलेली आहेत. तापा म्हणजे चवीपुरती, ‘मेदिया रासिओन’ म्हणजे अर्धी आणि ‘रासिओन’ म्हणजे पूर्ण बशी. किती माणसांना किती पुरेल, याचा अंदाज मापाच्या नावावरूनच येतो.

हिशेब ठेवण्याच्या तेथील रीती तर बँकेत काम करणाऱ्या कोणालाही आवडाव्यात. सेव्हिल शहरात १६७० मध्ये स्थापन झालेले ‘एल रिंकोन्सियो’ नावाचे मद्यगृह आहे. तेथील सेवक ग्राहकाचा हिशेब खडूने थेट लाकडी काउंटरवर, ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मांडतात. उत्तरेकडील बास्क प्रांतातील सान सेबास्तियन येथे पावाच्या चकतीवर पदार्थ रचून तो काडीने टोचतात. त्याला ‘पिंचो’ म्हणतात. ऑलिव्ह, खारवलेला अँचोव्ही मासा आणि लोणच्यातली हिरवी मिरची एका काडीत ओवलेल्या पिंचोला तर १९४६ च्या ‘गिल्डा’ या हॉलिवूड चित्रपटाचे नाव मिळाले आहे. परंपरेने खाणाऱ्याने काड्या जपून ठेवायच्या आणि शेवटी त्या मोजून पैसे द्यायचे. स्पेनबाहेरही अशा युक्त्या सापडतात. हाँगकाँगच्या डिमसम गृहांत मेजावरील कार्डावर बशीच्या आकारानुसार शिक्के मारत, आणि ओसाका येथे १९५८ मध्ये सुरू झालेल्या फिरत्या पट्ट्यावरील सुशीच्या पद्धतीत रिकाम्या बशा मोजूनच बिल होते. अनेक ठिकाणी बशीच्या रंगावरून किंमत ठरते. खडू, काडी, शिक्का, बशीची चळत, साधने निराळी असली तरी प्रत्येक ठिकाणी खर्चाचा चालू आकडा खाणाऱ्याच्या नजरेसमोर राहतो. शिवाय स्पेनमध्ये मेनूवरील किमतीत दहा टक्के मूल्यवर्धित कर समाविष्ट असतो, त्यामुळे कार्डावरचा आकडा आणि द्यावयाचा आकडा सहसा एकच. मात्र काउंटरपाशी उभे राहून खाण्याचा आणि बाहेर अंगणात बसून खाण्याचा दर काही ठिकाणी वेगवेगळा असतो, एवढे लक्षात ठेवावे. तेथे जाणाऱ्या आपल्या ग्राहकांसाठी आणखी एक सूचना: कार्डाने पैसे देताना यंत्र ‘युरोत की रुपयांत’ असे विचारते, तेव्हा युरो निवडावा. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर त्या यंत्रामागील संस्था ठरवते आणि तो बहुधा आपल्याला महागच पडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. स्पेनमध्ये छोटी बशी हा रोजचा, सैल, येता-जाता खाण्याचा प्रकार आहे. घरातला मोठा समारंभ असेल तर तेथील कुटुंबेही मेज मांडून दुपारचे दीर्घ जेवण घेतात. ही पद्धत लंडन, न्यूयॉर्क आणि पुढे आपल्या शहरांत आली, तेव्हा मात्र तिचे रूप पालटले. उभे राहण्याऐवजी बसणे आले, एका तासाचे तीन तास झाले आणि ती खास प्रसंगांची मेजवानी बनली. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्स आवारात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘द बॉम्बे कॅन्टीन’ने भारतीय पदार्थ ‘छोटा’ प्लेट्सच्या रूपात मांडले, ते याच प्रवाहातले एक ठळक उदाहरण. त्याच्याशी प्रारंभापासून निगडित असलेले शेफ फ्लॉइड कार्डोज हे मुंबईचे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या उपाहारगृहामुळे त्यांचे नाव झाले होते. मार्च २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. अशा ठिकाणांमुळे आपल्याच मातीतले, घराबाहेर क्वचित मिळणारे पदार्थ नव्या पिढीच्या जिभेवर आले, हे श्रेय नाकारता येणार नाही. मला स्वतःला हा प्रकार आवडतो. एकाच संध्याकाळी दहा चवी घेता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या रूपांतरात खडू आणि काडी मात्र मागे राहिली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर स्पेनमधले खाते दर अर्ध्या तासाने चुकते होते. आपल्याकडचे तीन तास उघडे राहते आणि शिल्लक एकदम शेवटी कळते. मेनूवरचा प्रत्येक आकडा लहान असल्यामुळे ‘आणखी एक मागवू’ असे म्हणताना कोणाचाही हात अडखळत नाही. रिकाम्या बशा तत्परतेने उचलल्या जातात, म्हणजे मोजायलाही काही उरत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा माणसे आहेत. वेटर सहसा माणशी दोन-तीन बशा सुचवतात; आपण दोनच धरू. सरासरी ४८० रुपयांच्या बारा बशांचे ५,७६० रुपये झाले. गोडाच्या चार बशा ४२० रुपयांप्रमाणे १,६८० रुपये, आणि सहा सरबते २८० रुपयांप्रमाणे आणखी १,६८० रुपये. बेरीज ९,१२० रुपये. कार्डावर पाचशेच्या वरचा एकही आकडा नसताना आपण नऊ हजार ओलांडले. यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर धरता ९,५७६ रुपये होतात. उपाहारगृहाने १० टक्के सेवाशुल्कही जोडले आणि एकूण रकमेवर कर लावला, तर हीच रक्कम १०,५३३ रुपये ६० पैसे होते. फरक ९५७ रुपये ६० पैशांचा, म्हणजे आणखी दोन बशांचा.

हे सेवाशुल्क आणि कर यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. वस्तू व सेवा कर हा सरकारचा आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांसाठी तो ५ टक्के असून बिलावर केंद्र व राज्य यांचा अडीच-अडीच टक्क्यांचा वाटा दाखवलेला असतो. खोलीचे दैनिक भाडे ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या मोठ्या हॉटेलांच्या आवारातील उपाहारगृहांत हाच दर १८ टक्के होतो. तेव्हा पंचतारांकित ठिकाणी मेज राखून ठेवताना हा फरक आधीच धरावा. मद्य या कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो, म्हणून एका बिलावर दोन प्रकारचे कर दिसले तर गोंधळून जाऊ नये. लहान उपाहारगृह कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून हा कर वेगळा घेताच येत नाही आणि तसे बिलावर लिहिणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

सेवाशुल्क हा मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपाहारगृहाने ते आपोआप बिलात जोडू नये, दुसऱ्या नावानेही वसूल करू नये आणि ते देणे ऐच्छिक असल्याचे ग्राहकास स्पष्ट सांगावे. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे वैध ठरवली. आपण ते काढून टाकण्यास सांगू शकता; ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. ज्या मुलाने तीन तास हसतमुखाने बशा आणल्या, त्याच्या हातावर स्वखुशीने काही ठेवावे, हे मला अधिक पटते. अर्थात तो ज्याचा त्याचा प्रश्न.

पैशाचा हिशेब तरी कागदावर मांडता येतो. माणसांचा हिशेब अधिक नाजूक असतो. बशीत चार तुकडे आणि मेजावर सहा माणसे, हा या पद्धतीतला नित्याचा पेच. आपल्याकडे अशा वेळी वडीलधारी मंडळी ‘मला नको, तुम्ही घ्या’ म्हणून हात आखडता घेतात आणि शेवटचा तुकडा सर्वांच्या संकोचात पडून राहतो. गंमत म्हणजे हा संकोच आपलाच नाही. स्पॅनिश भाषेत त्या उरलेल्या तुकड्याला ‘लाजेचा तुकडा’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि जपानच्या ओसाका भागात त्याला ‘संकोचाचा गोळा’ म्हणतात. ज्यांच्यासाठी मेजवानी आहे, तेच अर्धपोटी उठण्याचा धोका इथे असतो. म्हणून ‘एका बशीत नग किती?’ हे वेटरला निःसंकोच विचारावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

दुसरी अडचण उष्ट्या-खरकट्याची. एकाच बशीत सर्वांचे चमचे जाणे ज्येष्ठांना रुचत नाही, आणि ते रास्तही आहे. प्रत्येक बशीसोबत वाढण्याचा स्वतंत्र चमचा मागून घ्यावा. शाकाहारी आणि मांसाहारी बशा शेजारी शेजारी येतात, म्हणून शाकाहारी मंडळींची बैठक मेजाच्या एका टोकाला ठेवणे सोयीचे. श्रावण, संकष्टी, कोणाचा सोमवार किंवा गुरुवार, कांदा-लसूण हे सारे मेज राखून ठेवतानाच सांगावे. ऐन वेळी सांगितल्यास स्वयंपाकघराचा नाइलाज असतो. आणि वेळ! अशा ठिकाणी पदार्थ जसा तयार होईल तसा येतो, आपण सांगितलेल्या क्रमाने नव्हे. ज्यांना मधुमेहामुळे ठरावीक वेळी खावे लागते, त्यांच्यासाठी पोटभरीचा एक पदार्थ सर्वांत आधी आणि वेगळा मागवलेला बरा.

बंगळुरूच्या शाखेत असताना माझ्या एका सहकाऱ्याने आई-वडिलांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवासाठी अशाच एका उपाहारगृहात अकरा जणांचे मेज राखून ठेवले होते. मोठ्या गटासाठी अनेक ठिकाणी माणशी ठरावीक रकमेचा मेनू मिळतो. आगाऊ भरलेली रक्कम बिलात वळती होते का, आणि बेत रद्द झाल्यास तिचे काय होते, हे मात्र लेखी घ्यावे लागते. त्याने ती चौकशी केली, पण वडिलांना स्वतः निवडून मागवण्याची हौस म्हणून तो मेनू घेतला नाही. त्याऐवजी मागणीचे दोन भाग केले. पहिल्या यादीतील सर्व बशा येऊन संपेपर्यंत दुसरी यादी द्यायची नाही, असे वेटरला सांगून ठेवले. चालू बेरीज तो मोबाइलवर मांडत होता. खडूऐवजी बोट, एवढाच फरक. वडील आठ वाजता जेवणारे, म्हणून त्यांचा दहीभात पावणेआठलाच मेजावर आला. तो मेनूवर नव्हता. दोन दिवस आधी विचारले तेव्हा स्वयंपाकघराने आनंदाने कबूल केला होता. दुसऱ्या यादीनंतर बेरीज ठरवलेल्या रकमेच्या आत होती, तेव्हा आणखी एक बशी मागवावी का, असे त्याने वडिलांना विचारले. त्यांनी मेनू कार्ड पुन्हा मागून घेतले, चष्मा लावला, आणि आईकडे न पाहता दोन मागवल्या.