परत आलेला कागद

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीनं नववीतला इंग्रजीचा पहिला निबंध जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता ती खोलीत निघून गेली. अडीच पानं. वरच्या कोपऱ्यात 'सी प्लस'. समासात बाईंच्या निळ्या शाईची दाटी. मी एकेक शेरा मोजला, सतरा होते. 'हे कशावरून म्हणतेस?' 'पुस्तकातली ओळ दाखव.' 'वाक्य छान आहे, पण यात तुझं म्हणणं कोणतं?' आणि शेवटी, 'शुक्रवारी शाळा सुटल्यावर ये. बसून बोलू, मग पुन्हा लिही.'

आठवीपर्यंत या मुलीनं 'ए'शिवाय दुसरं अक्षर पाहिलं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. प्रवेशपरीक्षा देऊन मिळवलेली शाळा तिला झेपणार नाही की काय, हा पहिला विचार. दुसरा विचार सुचायला रात्र जावी लागली. माझ्या सगळ्या शालेय आयुष्यात माझा निबंध इतक्या बारकाईनं कुणी वाचला होता का?

मी साताऱ्यात शिकले. 1991 साली दहावीला बसले. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून गेले होते. बोर्डाची उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हाती दिली, ती पुन्हा कधी दिसली नाही. गुणपत्रिका आली, मराठीत 100 पैकी 78. उरलेले 22 कुठे गेले, ते आजतागायत मला ठाऊक नाही. आमच्या शिक्षकांनी जीव ओतून शिकवलं. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या समासात सतरा प्रश्न लिहिणं त्यांना शक्यच नव्हतं. पण कडक शाळा म्हणजे काय, याची माझी समजूत तिथे घडली. भरपूर लिहायला लावणारी, पहाटे उठवणारी, नंबर काढणारी शाळा ती कडक. लेकीच्या चार वर्षांत ही समजूत बदलली.

अमेरिकेत लेकीच्या शाळेसारख्या, मुलांना महाविद्यालयासाठी तयार करणाऱ्या शाळांना 'कॉलेज प्रेप' म्हणतात. कल्पना फार जुनी. बॉस्टन लॅटिन स्कूल 1635 साली सुरू झालं, हार्वर्डच्याही एक वर्ष आधी, आणि ती सरकारी शाळा आजही निवडक मुलांनाच प्रवेश देते. काही शाळा खासगी आणि निवासी असतात, काही जिल्ह्यातून मुलं निवडणाऱ्या सरकारी. आमची शाळा या दुसऱ्या प्रकारातली, न्यू जर्सीतली. इकडच्या मराठी घरांत मूल सातवी-आठवीत गेलं की याच शाळांचा विषय निघतो. रविवारी मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहत उभे असलेले आईबाप विचारतात, "कशी आहे हो शाळा? अभ्यास फार असतो का?" त्यांना उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

सप्टेंबरमध्ये 'बॅक टू स्कूल नाइट' असते. मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन पालकांनी त्याच्यासारखंच वर्गावर्गांतून फिरायचं. प्रत्येक तास दहा मिनिटांचा. घंटा झाली की जिना, पुन्हा घंटा झाली की प्रयोगशाळा. त्या संध्याकाळी साती शिक्षकांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. काही अडलं तर ईमेल मुलांकडून येऊ द्या, तुमच्याकडून नको. मला ते तुटक वाटलं. परक्या देशात वाढणाऱ्या मुलांच्या पुढे उभं राहायची आम्हाला सवय. पण निबंध हाती आल्यावर बाईंना भेटीची वेळ विचारायची होती, तेव्हा ती ईमेल तिनंच लिहिली. चार ओळींना पाऊण तास लागला. मी शेजारच्या खोलीत बसून राहिले. उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभं न राहणं हे माझं त्या दिवशीचं काम होतं, आणि ते सोपं नव्हतं.

निबंध तीनदा लिहिला गेला. शेवटची श्रेणी 'बी'. अक्षर एवढंच हललं, पण पहिल्या खर्ड्यात माणूस आणि समाज यांच्याबद्दल मोठमोठी विधानं होती. तिसऱ्यात एकच छोटं विधान आणि त्याला आधार म्हणून पुस्तकातल्या तीन जागा.

फेब्रुवारीत एक दिवस पालकांना वर्गात मागे बसू देतात. इंग्रजीच्या खोलीत बाकं सरकवून लंबगोल केला होता. ही बैठक न्यू हॅम्पशायरच्या फिलिप्स एक्सिटर अकॅडमीतून पसरली. 1930 साली एडवर्ड हार्कनेस यांनी त्या शाळेला मोठी देणगी दिली, ती डझनभर मुलांनी आणि एका शिक्षकानं टेबलाभोवती बसून बोलत बोलत शिकावं म्हणून. आमच्या शाळेत तसं टेबल नाही आणि मुलंही वीस होती. पण बाई बोलत नव्हत्या. त्यांनी कागदावर सगळ्यांच्या जागा मांडल्या होत्या आणि बोलणं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की त्या रेघ ओढत होत्या. चाळीस मिनिटांनी कागदावर जाळं तयार झालं. ते त्यांनी मुलांपुढे ठेवलं. तिघांच्या नावाला एकही रेघ नव्हती. सगळ्यांत जास्त बोललेल्या मुलाकडून रेघा निघत होत्या, पण त्याचा मुद्दा कुणी उचलला नव्हता, कारण त्यानंही कुणाचा उचलला नव्हता. माझी मुलगी दोनदाच बोलली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मघाशी मी म्हणाले ते मला आता पटत नाही, कारण..." वर्गात असं म्हणता येतं आणि त्यानं कुणी लहान होत नाही, हे मी चाळिशी उलटल्यावर पाहिलं.

रसायनशास्त्राच्या वहीची शिस्तही अशीच. पानांवर छापील क्रमांक, लिहायचं पेनानंच. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. एकदा टायट्रेशनमध्ये तिचं तिसरं वाचन पहिल्या दोन वाचनांशी जुळेना. तिनं ते तसंच नोंदलं आणि शेजारी लिहिलं की ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला असावा. सरांनी त्या पानाला पूर्ण गुण दिले. आमची जर्नलं एकमेकांचं बघून पुरी व्हायची आणि वाचनं नेहमी जुळायची. त्यामुळे बुडबुडा शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि ते नुकसान आता कळतं.

पालकांसाठी शाळेनं एक सोयही दिली आहे, तिची मला वेळीच भीती वाटायला हवी होती. फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक चाचणीचा गुण शिक्षकांनी भरताक्षणी दिसतो. नववीत मी दिवसातून पाच-पाच वेळा ते उघडायचे. एका दुपारी ऑफिसात गणितातले 71 दिसले आणि ती दारातून आत येताच मी विचारलं, "काय झालं गं?" ती थांबली आणि म्हणाली, "आई, माझ्या आधी तुलाच कळतं. मला सांगायला काही उरतच नाही." मी ॲप काढून टाकलं. मग रविवारी संध्याकाळी तिच्या लॅपटॉपवर, दोघींनी मिळून, एकदाच बघायचं ठरलं. त्या 71 चं पुढे काय झालं, तेही तिनंच सांगितलं. चुकलेली गणितं पुन्हा सोडवून, प्रत्येकाखाली आपला विचार कुठे घसरला ते एका वाक्यात लिहून दिलं, की गेलेल्या गुणांपैकी निम्मे परत मिळतात. साताऱ्याहून आजी फोनवर विचारायची, "नंबर कितवा आला?" ही शाळा नंबर काढत नाही, हे तिला पटायला दोन वर्षं लागली.

अभ्यास फार असतो का, याचं सरळ उत्तर हो. अकरावीत रोज तीन तास, कधी चार. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात; माझ्या मुलीला कित्येक रात्री सहा तासही मिळाली नाही. याची काळजी शाळा घेईल, असं धरून चालू नये. प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयाचा गृहपाठ देतो. सगळ्यांची बेरीज फक्त घरात दिसते. हिवाळ्यात पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे असतात, तेव्हा 'एपी'ची चढाओढ लागते. हे महाविद्यालयाच्या पातळीचे विषय. परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, मे महिन्यात, आणि निकाल 1 ते 5 या श्रेणीत. अमक्याच्या मुलानं पाच घेतले, तमकीनं सहा. आमच्या समुपदेशक बाईंनी तिच्यापुढे चोवीस चौकटींचा कागद ठेवला आणि सांगितलं, "आधी झोप लिही. मग जेवण, मग व्हायोलिन. उरलेल्या चौकटींत किती विषय बसतात ते बघ." तीन बसले. चौथा तिनं सोडला. सोडताना ती रडली, आणि त्या वर्षी तिची तब्येत त्या निर्णयानंच सांभाळली.

'सॅट'बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीची 1600 गुणांची परीक्षा, 2024 पासून इथे संगणकावर, सव्वादोन तासांची. तिच्या क्लासेसचा बाजार मोठा आहे, पण चार वर्षं नीट वाचणाऱ्या मुलीला सरावाच्या काही परीक्षा पुरल्या.

खरं वर्ष अकरावीचं, आणि त्यातलं खरं काम इतिहासाच्या प्रबंधाचं. बारा पानं, तळटीपांसह, आणि निम्मा आधार तरी त्या काळातल्या मूळ कागदपत्रांचा हवा. तिनं आनंदीबाई जोशी निवडल्या. मला भरून आलं. 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी, पुण्यात गेलेल्या आनंदीबाई आमच्या पिढीला धड्यांतून आणि श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'मधून ठाऊक. मी तिला जे जे माहीत होतं ते सांगितलं, तिनं ते लिहिलं, आणि पहिला खर्डा परत आला. सरांचा शेरा होता: 'ती धाडसी होती, हे वाचकाला ठाऊक आहे. तुला काय सापडलं?'

मग ती शोधायला लागली. आनंदीबाईंची कागदपत्रं फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. महाविद्यालयाकडे प्रवेश मागताना त्यांनी लिहिलेलं पत्र तिनं पडद्यावर मोठं करून, अक्षर अक्षर लावत वाचलं. आधी त्यांचे पती गोपाळराव यांनी मदतीसाठी केलेला पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला होता. धर्म बदलला तर मदत करू, असं तिथलं उत्तर. दंतवैद्याकडे बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती तो अंक पडला आणि तिनं आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ही बाई रोझेलची, न्यू जर्सीतली, आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावरची. आनंदीबाई अमेरिकेत आल्यावर आधी तिच्याच घरी उतरल्या, आणि त्यांच्या अस्थीही पुढे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला विसावल्या. लेकीचा प्रश्न बदलला. एकटीच्या धाडसाची गोष्ट मागे पडली; दोन अनोळखी बायकांमधल्या पत्रांनी काय शक्य केलं, ही गोष्ट पुढे आली.

मार्चमधल्या एका रात्री अकरा वाजता मी पाणी प्यायला उठले. ती पडद्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "आई, पहिली चार पानं चांगली आहेत, पण ती आता या प्रबंधाची राहिली नाहीत." आणि तिनं ती काढून टाकली. मी काही बोलले नाही. दार लोटून घेतलं.

बारावीचा सप्टेंबर उजाडला की महाविद्यालयांच्या अर्जांचा हंगाम. 'कॉमन ॲप'चा निबंध 650 शब्दांच्या आत, दहा उपक्रमांची यादी, दोन शिक्षकांची पत्रं, समुपदेशकांचं पत्र. पहिली तारीख बहुधा 1 नोव्हेंबर, दुसरी 1 जानेवारी. समुपदेशकांना पत्र लिहायला मदत व्हावी म्हणून पालकांकडूनही एक पान मागतात, मुलाबद्दल सांगा म्हणून. मी एका बैठकीत लिहिलं: कष्टाळू, जबाबदार, जिज्ञासू, मोठ्यांचा मान राखणारी. दोन दिवसांनी माझं पान परत आलं. खाली एकच ओळ: 'प्रत्येक शब्दासाठी एक प्रसंग लिहाल का?'

अर्धा तास मी कोऱ्या पानासमोर बसले. तिचे गुण मला तोंडपाठ होते. प्रसंग आठवायला वेळ लागला, कारण पहिली दोन वर्षं मी आकड्यांकडे बघत होते, तिच्या कामाकडे नाही. अशा शाळेकडून पालकांनी अमुक विद्यापीठाची हमी मागू नये. सगळ्यांत नावाजलेली विद्यापीठं आलेल्या अर्जांतल्या बहुतेक मुलांना नकारच कळवतात, आणि त्यांत उत्तम मुलं असतात. मागावं ते एवढंच, की मुलाचा कागद कुणीतरी नीट वाचावा आणि परत द्यावा. आणि तो घरी आला की आपण वरचं अक्षर सोडून समास वाचावा.

मग मी मार्चमधल्या त्या रात्रीबद्दल लिहिलं. चार चांगली पानं, ती काढून टाकणारी मुलगी आणि लोटलेलं दार. त्यात एकही विशेषण नव्हतं. ते पान परत आलं नाही.