वांगणीतील वसाहत आणि घरखरेदी

वांगणी हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ तालुक्यातील एक गाव आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर बदलापूर व शेलू या स्थानकांच्या दरम्यान वांगणी स्थानक असून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते जवळपास ८० किलोमीटरवर आहे. गिर्यारोहकांना हे गाव चंदेरी किल्ल्याच्या वाटेवरील स्थानक म्हणून परिचित आहे. गावाचा कारभार ग्रामपंचायतीमार्फत चालतो. मात्र येथील अनेक रहिवासी रोजगारासाठी दररोज कल्याण, ठाणे व मुंबई येथे जातात. दप्तरी गाव आणि व्यवहारात उपनगर, अशा या दुहेरी स्थितीमुळे येथे घर स्वस्त मिळते आणि त्याच कारणाने घराची कागदपत्रे गुंतागुंतीची होतात.

रेल्वे आणि दैनंदिन प्रवास

कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. वांगणीचे उपनगरीकरण मात्र अलीकडच्या दशकांतील आहे. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी एकेक वस्ती महाग होत गेली, तसतसा अल्प उत्पन्नाचा नोकरदार वर्ग रेल्वेमार्गाने पुढे सरकत राहिला.

मुंबईहून येणाऱ्या अनेक लोकलगाड्या बदलापूरलाच संपतात. त्यापुढे केवळ कर्जत व खोपोलीकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. त्यामुळे नकाशावर बदलापूरनंतरचे पुढचेच स्थानक असलेले वांगणी प्रवाशाच्या दृष्टीने त्याहून बरेच दूर ठरते. एक गाडी चुकली, तर पुढच्या गाडीसाठी दीर्घकाळ थांबावे लागते. मुंबईपर्यंत एका दिशेचा प्रवास साधारण पावणेदोन तासांचा असल्याने जाण्यायेण्यात रोजचे साडेतीन तास खर्च होतात. मासिक पासामुळे हा प्रवास पैशाच्या हिशेबात स्वस्त पडतो, वेळेच्या हिशेबात नव्हे. घराच्या जाहिरातीत स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत दिलेले असते. पहाटेची पहिली व रात्रीची शेवटची गाडी कोणती, हे वेळापत्रकातच पाहावे लागते.

रहिवासी

वांगणीत दृष्टिहीन व्यक्तींची मोठी वस्ती आहे. कमी भाड्याच्या खोल्या आणि थेट लोकलगाडी या दोन कारणांमुळे ही कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांपैकी अनेकजण लोकलच्या डब्यांत किरकोळ वस्तूंची विक्री करून उदरनिर्वाह करतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे उपनगरी सेवा बंद झाली, तेव्हा त्यांचा प्रवासच नव्हे तर बाजारपेठही एकाच दिवशी बंद झाली.

मुंबईतील गिरणी कामगारांच्या घरांच्या प्रश्नातही वांगणीचे नाव येते. १९८२ च्या संपानंतर विस्थापित झालेल्या कामगारांना व त्यांच्या वारसांना शेलू व वांगणी परिसरात घरे देण्याची योजना शासनाने मांडली. कामगार संघटनांनी तिला विरोध केला व घरे मुंबईतच मिळावीत, अशी मागणी केली. गिरण्यांच्या जमिनी शहराच्या मध्यभागी असताना त्यांच्या मोबदल्यात मिळणारे घर दोन तासांवर का, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. २०२५ मध्ये या मागणीसाठी आझाद मैदानावर आंदोलनही झाले.

जमिनीची स्थिती व घरखरेदी

येथील घरे साधारणपणे तीन प्रकारच्या जमिनींवर उभी आहेत : जुने गावठाण, अकृषिक झालेली जमीन आणि कागदोपत्री अजूनही शेतीची असलेली जमीन. शेजारीशेजारी असलेल्या दोन इमारती बाहेरून सारख्या दिसल्या, तरी त्यांचा कायदेशीर दर्जा वेगळा असू शकतो, आणि किमतीतील फरकाचे कारण अनेकदा हेच असते.

शेतजमिनीचा निवासी वापर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार नियंत्रित होतो. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत निवासी दर्शवलेल्या जमिनींसाठी ही प्रक्रिया नंतरच्या सुधारणांनी सोपी झाली असली, तरी रूपांतरण कराचा भरणा व सक्षम प्राधिकरणाची बांधकाम परवानगी आवश्यक असते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन घेण्यावर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ चे निर्बंध आहेत. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरण होत नाही. ठाणे व रायगड जिल्ह्यांत ठाकूर, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती असल्याने आणखी एक नोंद तपासावी लागते : आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. असा व्यवहार पुढे रद्द झाल्यास इमारतीतील सदनिकाधारकही अडचणीत येतात.

एक-दोन गुंठ्यांचे भूखंड हा या पट्ट्यातील लोकप्रिय प्रकार आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. लहान घरासाठी तेवढी जागा पुरते. परंतु १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या हस्तांतरणास मनाई केली होती. त्यावर पळवाट म्हणून अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबारावर सामाईक लावण्याची प्रथा रूढ झाली. अशा नोंदीतून प्रत्येकाचा हिस्सा कळतो, त्याचा भूखंड नेमका कोठे आहे हे मात्र कळत नाही. अलीकडे हे निर्बंध शिथिल होत असले, तरी जुन्या नोंदी तशाच राहिल्या असतील तर हद्दीचे वाद संभवतात.

चाळीतील खोल्या पुष्कळदा केवळ नोटरी केलेल्या कागदावर विकल्या जातात. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मालमत्तेच्या खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे करावी लागते. नोटरीचा शिक्का तिची जागा घेऊ शकत नाही. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ हा उतारा दाखवूनही विक्री होते. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तलाठ्याकडील ‘गाव नमुना ८-अ’ हा एखाद्या खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी दाखवणारा वेगळा उतारा असून नामसाधर्म्यामुळे या दोहोंची गल्लत होते. घरपट्टीची पावती आणि वीजजोडणी असूनही बँक गृहकर्ज नाकारते, तेव्हा बहुधा कागदपत्रांतील अशीच एखादी उणीव कारणीभूत असते.

मोठ्या गृहसंकुलांना स्थावर संपदा अधिनियम, २०१६ लागू होतो व महारेराकडे त्यांची नोंदणी बंधनकारक आहे. विकासकास नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. परंतु ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नाहीत, तो या नोंदणीतून वगळलेला आहे. वांगणीसारख्या गावात लहान इमारती बऱ्याच असल्याने, ज्या ग्राहकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत हा कायदा पुष्कळदा पोहोचत नाही.

शेलू हे पुढचे स्थानक रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे. ‘वांगणीजवळ’ म्हणून घेतलेला भूखंड या हद्दीपलीकडे असल्यास त्याचे तहसील कार्यालय अंबरनाथ नसून कर्जत आणि जिल्हा मुख्यालय अलिबाग असते.

उल्हास नदीचा पूर

उल्हास नदी या परिसरातून वाहते. २६–२७ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक यंत्रणांनी हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका केली. जुलै २००५ मध्येही बदलापूर परिसरास महापुराचा तडाखा बसला होता.

नदीकाठच्या बांधकामासाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दर्शवते. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. सातबाऱ्यावर या रेषांचा उल्लेख नसतो. त्यांसाठी पूररेषेचे नकाशे स्वतंत्रपणे पाहावे लागतात. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा भूखंड पावसाळ्यात कसा असतो, हे गावातील जुन्या रहिवाशांकडूनही कळू शकते.