दारूमुक्तीचा गट शोधताना: सीमाभागातले गैरसमज

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदकडच्या मराठी घरात माणूस दारूच्या आहारी गेला की उपाय ठरलेले असतात. पंढरपूरची माळ घालायला लावायची, गाणगापूरला नेऊन शपथ घ्यायला लावायची, नाहीतर जाहिरातीतली पुडी आणायची. डॉक्टरची आठवण उशिरा होते आणि दारू सोडलेल्या माणसांच्या गटाची बहुधा होतच नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलीतरी मदत मिळते. गैरसमजांचा यात मोठा वाटा आहे.

सर्वांत घातक गैरसमज पुडीचा. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असं जाहिरात सांगते आणि बायको किंवा आई ती पुडी भाजीत कालवते. अशा पुडीत काय आहे हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेऊन दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. चोरून दिलेलं औषध नवऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, हे त्या घरातल्या बाईला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

‘मनात आणलं तर एका दिवसात सुटते’ हाही तसाच समज. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं की हात कापतात, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. खरं तर ती वेळ तातडीने दवाखान्यात नेण्याची असते. बीदर आणि कलबुर्गी, दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. श्रद्धेने मनाला बळ मिळतं, पण झटका थांबवायला औषधच लागतं. गटाचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते लांब पल्ल्याचं असतं.

गट म्हटलं की शंका येते: ही शहरातल्या इंग्रजीवाल्यांची थेरं, किंवा धर्म बदलायला लावणारी माणसं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या बोलण्यातून सुरू झाली. एक शेअरबाजारातला, दुसरा डॉक्टर. भारतात ती 1957 च्या सुमारास आली. सभासदत्वाला फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ईश्वराचा उल्लेख होतो, पण ज्याला जसा समजेल तसा. त्यामुळे वारकरी, लिंगायत, मुसलमान, नास्तिक असे सगळे शेजारी बसू शकतात. राहिली बोभाट्याची भीती. तिथे आडनाव विचारत नाहीत आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा दंडक असतो.

‘नुसत्या गप्पांनी काय होणार?’ 2020 मध्ये कोक्रेन या संस्थेने 27 अभ्यास एकत्र तपासले. पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे 42 टक्के पूर्ण दारूमुक्त होते. इतर उपचारांत हे प्रमाण 35 टक्के होतं. चमत्कार नव्हे, पण बिनपैशाच्या मदतीसाठी हा आकडा मोठा आहे. आणि मधे कुणी घसरला तरी गटाचं दार बंद होत नाही.

कर्नाटकाला हे काम नवं नाही. इलकलचे महांत शिवयोगी झोळी घेऊन गावोगावी हिंडले आणि लोकांची व्यसनं भिक्षा म्हणून मागत राहिले. त्यांचा जन्मदिवस, 1 ऑगस्ट, राज्यात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन शिबिरं गावातच भरतात आणि शिबिरानंतर ‘नवजीवन समिती’त माणसं पुन्हा भेटत राहतात. शपथेपुढचं हे भेटत राहणंच आपल्याकडे कमी पडतं. शिबिरांची भाषा कन्नड असते, पण सीमाभागातल्या मराठी माणसाला ती परकी नाही.

‘तो यायला तयार नाही, मग आम्ही जाऊन काय करणार?’ बरंच काही. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही संघटना 1951 पासून आहे. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा पीत असतानाही बाईला एकटं तिथे जाता येतं.

सुरुवात 14416 या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकाने करावी. तो चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीचा वेगळा राष्ट्रीय क्रमांक 14446. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कुठे आहे आणि जवळ एएची बैठक कुठे भरते, दोन्ही विचारावं. प्रवास जमणार असेल तर कलबुर्गीहून सोलापूर, बीदर-भालकीहून उदगीर-लातूरची बाजूही धुंडाळावी. नाही जमलं तर ऑनलाइन बैठका आहेत. एखादं व्यसनमुक्ती केंद्र माणसांना साखळीने बांधत असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते बेकायदा आहे. तिथून माणसाला बाहेर काढा आणि तक्रार करा. आणि गावात गट सापडलाच नाही, तर दारू सोडलेला एखादा माणूस शोधून त्याच्याशी बोलणं आजच सुरू करा.