देह एक, बहिणी दोन

जुळी मुले आपल्याला नवी नाहीत. पण अंगाने एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणी? असा जन्म फार विरळा. पन्नास हजार ते लाखभर जन्मांत एखादा. ऐकणारा चटकन म्हणतो, "ग्रहण पाळलं नसेल!" तसे काही नाही बरं का. काही जुळी एका गर्भाचे दोन होऊन होतात. ही विभागणी उशिरा, गर्भधारणेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सुरू झाली, तर बहुधा ती अर्धवट राहते. यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही. सन १८११ मध्ये सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, चँग आणि एंग हे असे भाऊ जन्मले. त्यांच्यावरून 'सयामी जुळी' हे नाव रूढ झाले.

अशा दोन बहिणींवर सारा क्रॉसन या आयरिश लेखिकेने २०१५ साली 'वन', म्हणजे 'एक', ही कुमारांसाठीची कादंबरी लिहिली. २०१६ मध्ये तिला ब्रिटनचे कार्नेगी पदक मिळाले. ग्रेस आणि टिप्पी सोळा वर्षांच्या, अमेरिकेत राहणाऱ्या. डोकी दोन, हृदये दोन, हात चार. पाय मात्र दोघींत मिळून दोनच. आजवर घरीच शिकलेल्या. घरात पैशाची ओढाताण होते आणि त्या प्रथमच शाळेत जातात. तिथे रोखलेल्या नजरा भेटतात, तसे जिवाभावाचे मित्रही भेटतात. पुढे प्रकृती ढासळते. शस्त्रक्रियेने वेगळे व्हायचे का, हा जिवावरचा प्रश्न उभा राहतो. शेवट मी सांगत नाही, तो वाचावा.

ही सारी कथा कवितेत आहे. ओवीसारखे यमक नाही. लहान लहान मुक्तछंदातल्या कविता. आणि बोलते ती एकटी ग्रेस. असे का? लोक दोघींना मिळून एकच समजतात. ग्रेस मात्र पानोपान 'मी' म्हणते. प्रेमात पडते तीही ग्रेसच, टिप्पी नव्हे. बहीण श्वासाच्या अंतरावर, तरी मन वेगळे! थोडे शब्द आणि मध्ये मोकळी जागा, यामुळे ती थांबत थांबत मनातले सांगते आहे असे वाटते.

गुरुजी, वेगळ्या शरीराचे मूल आपल्या वर्गात आले, तर इतरांना आधी काय शिकवाल? टक लावून पाहू नये, आणि विचारायचे ते त्या मुलालाच विचारावे. अशा दोघी आल्याच, तर हजेरीत नावे दोन पुकारावीत, आणि "हजर" दोनदा ऐकावे.