कॉरिंथच्या आखाताभोवती : भूकंपाने घडवलेला ग्रीस

ग्रीसला जाणारा पर्यटक बहुधा अथेन्सचे अक्रॉपोलिस पाहतो, बोटीने सांतोरिनी बेटावर जातो आणि परततो. चार-पाच दिवस मोटारीने हिंडण्याची तयारी असेल, तर याच देशाची एक निराळी ओळख होते. अथेन्सहून पश्चिमेला निघून कॉरिंथ, पात्रास, तेथून थोडी वाट वाकडी करून ऑलिंपिया, मग समुद्रावरचा पूल ओलांडून नाफ्पाक्तोस व डेल्फी आणि पुन्हा अथेन्स, असा हा सुमारे सातशे ते साडेसातशे किलोमीटरचा फेरा आहे. या फेऱ्याच्या मधोमध कॉरिंथचे आखात पसरलेले आहे.

हे आखात म्हणजे जमिनीला पडलेली आणि अद्याप रुंदावत असलेली भेग होय. दक्षिणेकडचा पेलोपोनीज द्वीपकल्प मुख्य भूमीपासून दूर सरकतो आहे. पश्चिम टोकाला हा वेग वर्षाला सुमारे एक ते दीड सेंटीमीटर इतका भरतो. दक्षिण किनारा हळूहळू वर उचलला जातो, तर उत्तर किनारा खचतो. त्यामुळेच युरोपातील सर्वाधिक भूकंपप्रवण प्रदेशांत या आखाताची गणना होते. ‘काळाच्या ओघात मंदिरे ढासळली’ असे मोघम वाक्य मार्गदर्शक पुस्तिकांत सर्रास आढळते. या परिसरात मात्र काळाला तेवढा दोष देता येत नाही. अनेक ठिकाणी वर्ष सांगता येते, एके ठिकाणी तर ऋतू आणि प्रहरही.

अथेन्समधून बाहेर पडणाऱ्या एका रस्त्याचे नाव आजही ‘इएरा ओदोस’, म्हणजे पवित्र मार्ग, असे आहे. डिमिटर देवीच्या गूढ विधींसाठी प्राचीन यात्रेकरू याच दिशेने एल्युसिसला जात. आज तेथे देवीच्या अवशेषांच्या परिसरातच तेलशुद्धीकरण कारखाना उभा आहे. पुढे डोंगर थेट समुद्रात उतरतो. या टप्प्याला ‘काकिया स्काला’ म्हणजे वाईट जिना म्हणतात. स्किरॉन नावाचा दरोडेखोर वाटसरूंना आपले पाय धुवायला लावून कड्यावरून लाथाडत असे आणि थीसियसने त्याची तीच गत केली, अशी दंतकथा आहे. आताच्या महामार्गावरून हा कडा बोगद्यांतून काही मिनिटांत पार होतो. येथपासून पात्रासपर्यंत टोलचा रुंद महामार्ग आणि किनाऱ्यालगतचा जुना रस्ता जवळजवळ समांतर धावतात. घाई नसेल तर जुनाच घ्यावा. गती निम्मी होते, पण समुद्र खिडकीशी राहतो. भारतीय चालकाजवळ आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा, आणि वाहने उजव्या बाजूने चालतात हे प्रत्येक वळणावर स्वतःला बजावावे लागते. वळणावळणांवर देवळाच्या प्रतिकृतीसारख्या छोट्या पेट्या खांबावर बसवलेल्या दिसतात. आत संताचे चित्र आणि तेलाचा दिवा असतो. त्यांतील अनेक पेट्या अपघातांच्या स्मरणार्थ, किंवा अपघातातून वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी उभारलेल्या असतात.

कॉरिंथच्या संयोगभूमीवर मोटार थांबवून पुलावरून खाली पाहिले, तर सुमारे ऐंशी मीटर उंचीच्या उभ्या कापलेल्या भिंतींमध्ये पाण्याची एक निळी पट्टी दिसते. प्राचीन काळी जहाजे फरसबंद मार्गावरून ओढून एका समुद्रातून दुसऱ्यात नेली जात. इसवी सन ६७ मध्ये नीरो सम्राटाने कालव्याचे काम आरंभले, ते त्याच्या मृत्यूनंतर थांबले. प्रत्यक्षात कालवा खुला झाला १८९३ मध्ये. सव्वासहा किलोमीटर लांबीचा हा कालवा आधुनिक मालवाहू जहाजांसाठी अरुंद ठरला. शिवाय त्याने कापलेल्या खडकात अनेक भ्रंश असल्याने दरडी कोसळत राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये अशीच मोठी दरड पडून तो दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवावा लागला. कालव्याच्या भिंतींत वाकडेतिकडे तुटलेले थर उघड्या डोळ्यांनी दिसतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्वच्छ आकृती पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

जुन्या कॉरिंथमध्ये अपोलोच्या मंदिराचे सात स्तंभ उभे आहेत. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील हा प्रत्येक स्तंभ एकाच अखंड पाषाणातून घडवलेला आहे. ग्रीक मंदिरांचे स्तंभ बहुधा दगडी चकत्या एकमेकींवर रचून उभारलेले असतात, त्यामुळे हे सात खांब वेगळे उठून दिसतात. रोमन सेनापती मुम्मियसने इसवी सनपूर्व १४६ मध्ये शहर उद्ध्वस्त केले, पुढे सीझरने ते पुन्हा वसवले. अवशेषांना बिलगून असलेले गाव १८५८ च्या भूकंपात पडले, तेव्हा रहिवाशांनी काही किलोमीटरवर समुद्रकाठी नवे कॉरिंथ बांधले. तेही १९२८ मध्ये जमीनदोस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले.

येथून पश्चिमेला डावीकडे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. या पायऱ्यांपैकी कित्येक एकेकाळच्या समुद्रसपाट्या असून, त्या लाखो वर्षांत वर उचलल्या गेल्या आहेत. त्यांवर द्राक्षमळे आहेत. इंग्रजीत बारीक काळ्या मनुकांना ‘करंट’ म्हणतात, तो शब्द ‘कॉरिंथ’वरूनच आला. एकोणिसाव्या शतकात ग्रीसच्या निर्यातीचा कणा हीच मनुका होती.

एगिओ शहराच्या काही किलोमीटर अलीकडे रस्ता एका सपाट मैदानातून जातो. लिंबू-संत्र्यांच्या बागा, तुरळक घरे, पलीकडे समुद्र. थांबण्यासारखे काही दिसत नाही, म्हणून बहुतेक मोटारी थांबत नाहीत. येथे हेलिकी हे नगर होते. अखाइया प्रांतातील बारा नगरांच्या संघाचे ते प्रमुख, आणि त्याचे आराध्यदैवत समुद्राचा व भूकंपाचा देव पोसायडन. इसवी सनपूर्व ३७३ च्या हिवाळ्यात एका रात्री भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत आला आणि नगर नाहीसे झाले. सुमारे दीडशे वर्षांनी इराटोस्थेनीस तेथे गेला असता, पोसायडनचा ब्राँझचा पुतळा पाण्यात उभा असून कोळ्यांची जाळी त्यात अडकतात, असे त्याला नावाड्यांनी सांगितले. या वर्णनामुळे विसाव्या शतकात पाणबुड्यांनी आखाताचा तळ धुंडाळला, पण हाती काही लागले नाही. पुरातत्त्वज्ञ डोरा कात्सोनोपूलू आणि शास्त्रज्ञ स्टीव्हन सॉटर यांनी १९८८ पासून वेगळी वाट धरली. जुन्या ग्रंथातील पाणी म्हणजे आखात नसून किनाऱ्यामागे तयार झालेली खाजणासारखी जलाशयाची जागा असावी, आणि नद्यांच्या गाळाने ती नंतर बुजली असावी, असा त्यांचा तर्क होता. २००१ मध्ये बागांखालच्या गाळात त्या काळच्या भिंती सापडल्या. तेथेच दोन हजार वर्षे आधीची कांस्ययुगीन वस्तीही मिळाली. म्हणजे लोक त्या जागी पुन्हा पुन्हा येऊन राहत होते. जमीन सुपीक आहे, पाणी मुबलक आहे, हे त्याचे साधे कारण.

ते आजही राहतात. १५ जून १९९५ रोजी एगिओ परिसरात पहाटे झालेल्या भूकंपात २६ जण मृत्युमुखी पडले. मृतांत एका निवासी इमारतीतील रहिवाशांप्रमाणे किनाऱ्यावरील हॉटेलात उतरलेले पर्यटकही होते.

पात्रासहून दक्षिणेला शंभराहून अधिक किलोमीटरवर ऑलिंपिया आहे. झ्यूसच्या मंदिराजवळ पोहोचल्यावर प्रथम नजरेस पडतात ते आडवे झालेले स्तंभ. काकडीच्या चकत्या ताटात कलंडाव्यात, तशा महाकाय दगडी चकत्या ओळीने पडलेल्या आहेत. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील भूकंपांत हे मंदिर कोसळले. त्यानंतर क्लादेओस आणि अल्फिओस नद्यांनी सारा परिसर कित्येक मीटर गाळाखाली गाडून टाकला. इतका, की १७६६ मध्ये इंग्रज प्रवासी रिचर्ड चँडलर येथे आला तेव्हा शेतांतून भिंतीचे काही तुकडेच वर डोकावत होते. जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १८७५ मध्ये पद्धतशीर उत्खनन सुरू केले. हा गाळ नद्यांऐवजी त्सुनामीच्या लाटांनी आणला असावा, असे मतही अलीकडे मांडले गेले, परंतु ते सर्वमान्य नाही. गाळाने ऑलिंपिया लपवली आणि वाचवलीही. हेराच्या मंदिराच्या भिंती कच्च्या विटांच्या होत्या. त्या विरघळून त्यांची माती खाली पसरली आणि तिच्या मऊ थरात हर्मीसचा संगमरवरी पुतळा शतकानुशतके सुरक्षित पडून राहिला. १८७७ मध्ये तो सापडला. भिंती दगडी असत्या, तर त्या कोसळताना पुतळ्याचा चुराच झाला असता.

२००४ मध्ये, अथेन्स ऑलिंपिकच्या निमित्ताने, झ्यूसच्या मंदिराचा एक स्तंभ पुन्हा उभारण्यात आला. मंदिराच्या उंचीची कल्पना यावी हा हेतू रास्त होता. तरी पडलेले स्तंभ अधिक बोलके आहेत, असे तेथे उभे राहिल्यावर वाटते. तीन वर्षांनी, ऑगस्ट २००७ मध्ये, पेलोपोनीजमधील वणवा क्रोनोसच्या टेकडीपर्यंत पोहोचला. अवशेष आणि संग्रहालय बचावले, टेकडीवरची पाइनची झाडे जळाली. त्या उन्हाळ्यातील वणव्यांत देशात ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. उन्हाळ्यात येथे जाणाऱ्याने प्रशासनाचे इशारे गांभीर्याने घ्यायला हवेत, आणि शक्य असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा.

पात्रासजवळ रिओ आणि अँतिरिओ यांमधील सामुद्रधुनी ओलांडणारा पूल ऑगस्ट २००४ मध्ये खुला झाला. लांबी २८८० मीटर. येथे अभियंत्यांपुढचा पेच विलक्षण होता. पाणी पासष्ट मीटर खोल, त्याखाली शेकडो मीटर नुसता गाळ, भक्कम खडकाचा पत्ता नाही, भूकंप ठरलेला आणि दोन्ही काठ एकमेकांपासून दूर जाणारे. त्यांनी पूल जमिनीत घट्ट रोवण्याचा नाद सोडला. समुद्रतळात पोलादी नळ्या ठोकून गाळ बळकट केला, त्यावर खडीचा थर पसरला आणि नव्वद मीटर व्यासाचे पाये त्या थरावर केवळ ठेवून दिले. मोठा धक्का बसल्यास पाया तुटण्याऐवजी खडीवर सरकावा, अशी ही योजना आहे. जून २००८ मध्ये या भागात सहा रिश्टरहून मोठा भूकंप झाला, तो पुलाने सहन केला. पुलाखालून जुनी फेरीबोट अजूनही ये-जा करते, आणि टोलपेक्षा स्वस्त म्हणून स्थानिक लोक तिचा वापर करतात.

उत्तर किनाऱ्यावर दृश्य बदलते. जमीन खचत असल्याने समुद्र दऱ्यांत शिरला आहे. त्यामुळे रस्ता खाड्यांमागून खाड्या वळसे घेत जातो. नाफ्पाक्तोसचे तटबंदीचे बंदर इतके इवलेसे आहे, की १५७१ च्या प्रचंड आरमारी लढाईला त्याच्याच जुन्या लेपांतो या नावाने ओळखतात यावर विश्वास बसत नाही. पुढे गॅलाक्सिडी, इतेआ, आणि मग ऑलिव्हच्या झाडांनी गच्च भरलेले मैदान सोडून रस्ता पार्नाससच्या उतारावर चढू लागतो.

डेल्फी येथील अपोलोचे मंदिर पडले ते वर्षही इसवी सनपूर्व ३७३ असेच सांगितले जाते, म्हणजे हेलिकीचेच. आज दिसतात ते त्यानंतर बांधलेल्या मंदिराचे स्तंभ. मंदिराखालची आधारभिंत त्याहून जुनी आहे. तिच्या अनियमित आकाराच्या दगडांचे सांधे वक्र असून, ते चुन्याविना एकमेकांत बसवलेले आहेत. ती अजून जागेवर आहे. तिच्यावर मुक्त केलेल्या गुलामांची शेकडो करारपत्रे कोरलेली आहेत. मंदिरातील पिथिया नावाची स्त्री भविष्यवाणी करी. जमिनीतून येणाऱ्या सुगंधी वाफेने तिला अवस्था चढे, असे डेल्फीचा पुजारी राहिलेल्या प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. १८९२ मध्ये फ्रेंचांनी अख्खे कास्त्री गाव हलवून उत्खनन केले, पण भेग सापडली नाही, म्हणून ही कथा कल्पित ठरवण्यात आली. २००१ मध्ये भूशास्त्रज्ञ येल द बूर, पुरातत्त्वज्ञ जॉन हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंदिराखाली दोन भ्रंश एकमेकांना छेदतात असे दाखवले आणि झऱ्याच्या पाण्यात इथिलीन वायूचा अंश आढळल्याचे जाहीर केले. इतक्या अल्प वायूने गुंगी येईल का, यावर इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे. भ्रंशांबद्दल मात्र फारसा वाद नाही.

रस्त्याच्या खालच्या अंगाला अथीना प्रोनाइयाचे आवार आहे. तेथील जुन्या मंदिराचे पंधरा स्तंभ उत्खननात उभे सापडले होते. १९०५ मध्ये वरच्या कड्यावरून शिळा कोसळल्या आणि त्यांतील बारा मोडले. शेजारची वर्तुळाकार वास्तू, थोलोस, ग्रीसच्या पर्यटन-पत्रकांवर नेहमी झळकते. तिचे तीन स्तंभ १९३८ मध्ये पुन्हा उभारलेले आहेत. ‘अडीच हजार वर्षे उभे असलेले’ म्हणून पर्यटक ज्यांचे छायाचित्र काढतात, ते हेच. कड्यावरून पडलेल्या मोठ्या शिळा थोड्या अंतरावर ऑलिव्हच्या झाडांत आहेत तशाच ठेवलेल्या आहेत. तेथे सहसा कोणी थांबत नाही.