दुकान ऑनलाइन (भाग ७) : हंगाम पाहून होस्टिंग

देवगडच्या एका आंबा बागायतदार काकांची वेबसाइट गेली काही वर्षं मी जवळून पाहतोय. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत दिवसाला दहा-वीस माणसंसुद्धा तिकडे फिरकत नाहीत. गुढीपाडव्याला वर्दळ सुरू होते आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीचे चार दिवस तर जत्राच. वर्षाची सगळी विक्री सहा-सात आठवड्यांत उरकते. मागच्या भागात आपण डोमेन घेतलं, म्हणजे दुकानाची पाटी रंगवली. आता गाळा बघायचा, म्हणजे होस्टिंग. काकांचा पहिला प्रश्न बहुतेकांचा असतो तोच होता : "सगळ्यात स्वस्त कुठलं?"

'महिना ७९ रुपये' अशी जाहिरात दिसली, की खालची बारीक अक्षरं वाचावीत. असा दर बहुधा तीन वर्षांचे पैसे आजच मोजले तर मिळतो. ३६ महिन्यांचे झाले २,८४४ आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ३,३५६ रुपये. (ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे आंबेवाल्याला या कराची वजावटही मिळत नाही.) चौथ्या वर्षी तोच दर दुप्पट-तिप्पट झाला तर नवल नाही. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करायची ती नूतनीकरणाच्या दरावरून. तो दर त्यांच्या साइटवर शोधताना दमछाक झाली, तर त्यातूनही कंपनी कळते.

या पैशांत मिळतं ते शेअर्ड होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स, त्यांचा प्रोसेसर सामाईक, मेमरी सामाईक, आयपी पत्ताही सामाईक. 'अनलिमिटेड' या शब्दाची मला गंमत वाटते. जागा अनलिमिटेड, पण फायली किती ठेवायच्या ते मोजलेलं आणि एका वेळी किती प्रोसेस चालवायच्या तेही मोजलेलं. नऊ महिने याचा पत्ता लागत नाही. मग तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी दोनशे लोक एकदम पेटी निवडायला येतात आणि त्यांच्या पडद्यावर '५०८' असा आकडा झळकतो : तुमच्या वाट्याची ताकद संपली. सर्व्हर धडधाकट असतो, तुमचं दार तेवढं बंद झालेलं असतं.

सामाईक आयपीचा त्रास आणखी वेगळा. त्याच पत्त्यावरच्या कुणी भारंभार स्पॅम पाठवला, की तुमचं 'ऑर्डर मिळाली' हे ईमेलही ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. ग्राहक फोन करतो, "पैसे गेले, पावती नाही." म्हणून ऑर्डरची ईमेल वेगळ्या मेल सेवेतून पाठवणं बरं.

काकांना मी व्हीपीएस सुचवला. त्यात सर्व्हरचा ठरावीक हिस्सा आपल्या नावावर असतो आणि काही कंपन्या त्याचं भाडं तासावर लावतात. मार्चअखेर मेमरी वाढवायची, जूनमध्ये पुन्हा उतरवायची. मात्र व्हीपीएसची राखण आपल्यालाच करावी लागते. सुरक्षेचे अपडेट कोण टाकणार, रात्री अकराला सर्व्हर बसला तर कोण उठवणार, हे आधी ठरवावं. घरात तसं कुणी नसेल तर जास्त पैसे मोजून 'मॅनेज्ड' घ्यावा. इथे कंजुषी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारावं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायचं तर सरळ रेषेतसुद्धा सव्वाशे मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या पडतात. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं २०१५ मध्ये पुण्यात आणि मुंबईत आली, ॲमेझॉनचं २०१६ मध्ये मुंबईत. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असताना सर्व्हर सातासमुद्रापार ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

'९९.९ टक्के अपटाइम' ऐकायला भारी वाटतं. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा निघते. ते तास ऑगस्टमध्ये गेले तर काकांना कळणारही नाही. एप्रिलमध्ये गेले तर कळेल. भरपाई मिळते ती सहसा पुढच्या बिलात सूट म्हणून. ७९ रुपयांचं बिल अख्खं माफ झालं, तरी नासलेल्या एका पेटीचे पैसे त्यातून सुटत नाहीत.

आता बॅकअप. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. जीवितहानी झाली नाही. पण ज्यांचा बॅकअप त्याच ठिकाणी होता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. 'रोजचा बॅकअप मोफत' असं लिहिलेलं असतं, तेव्हा विचारायचं ते हे : तो ठेवता कुठे, आणि मला उतरवून घेता येतो का?

काकांचं घोडं आणखी वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. जुनं होस्टिंग आणि डोमेन, दोन्ही साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर नोंदलेलं. तो नोकरीला बंगळुरूला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिल्या आणि ऐन फेब्रुवारीत साइट गायब झाली. मुलगा सज्जन, त्याने चार दिवसांत सगळं काकांच्या नावावर करून दिलं.

यंदा जानेवारीत आम्ही बॅकअपवरून साइट दुसऱ्या सर्व्हरवर उभी करून पाहिली. तीन तास लागले आणि जुन्या ग्राहकांच्या पत्त्यांची यादी बॅकअपमध्ये येतच नव्हती असं निघालं. काकांनी खिडकीतून बागेकडे पाहिलं. झाडांवर अजून नुसता मोहोर होता.