हळद घातली, तरी साबण विटकरी का?

हळदीच्या डागावर साबण लावला, की तो क्षणात लालसर होतो, हा अनुभव घरोघरी आहे. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू तयार होते, तेही याच गुणधर्मामुळे. हळदीतील कर्क्युमिन अल्कलीच्या सान्निध्यात तांबूस होते. तरीही घरी साबण करू पाहणारे पिवळ्याधमक वडीच्या आशेने त्यात हळद घालतात आणि साच्यातून विटकरी वडी निघाल्यावर बुचकळ्यात पडतात.

कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून ते द्रावण तेलात घोटले, की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. दूध, मध, लिंबू, कडुनिंब असा जो पदार्थ त्यात मिसळावा, त्याची पहिली गाठ या दाहक सोड्याशी पडते. म्हणूनच भांड्यात घातलेले जसेच्या तसे वडीत उतरेल, असे गृहीत धरता येत नाही.

सर्वाधिक फसगत लिंबू करते. 500 ग्रॅम खोबरेल तेलाचा संपूर्ण साबण होण्यास सुमारे 92 ग्रॅम सोडा लागतो. सोडा शिल्लक राहून त्वचा पोळू नये, यासाठी त्यात 5 टक्के कपात करून साधारण 87 ग्रॅमच घेण्याची पद्धत आहे. अशा मिश्रणात 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल पडले, तर ते जवळपास 6 ग्रॅम सोडा गिळून टाकते. परिणामी आणखी तीसेक ग्रॅम तेल साबण न होताच उरते आणि वडी मऊ, तेलकट राहते. लिंबाचा आंबटपणा तर उरत नाहीच; उरते ते सोडियम सायट्रेट. ते मात्र उपयोगाचे असते, कारण जड पाण्यात साबणाचा जो पांढुरका साका जमतो, तो त्यामुळे कमी होतो. त्यासाठी आम्ल घालायचेच असेल, तर सोडा तेवढ्या प्रमाणात वाढवून घ्यावा लागतो.

दुधातील साखर सोड्याच्या उष्णतेने करपते, रंग तपकिरी होतो आणि उग्र दर्प सुटतो. त्यावर उपाय म्हणजे दूध गोठवून त्याच्या बर्फावर सोडा थोडा थोडा घालणे. मधाने फेस वाढतो. पण तो जास्त झाला, तर मिश्रण तापून साच्याबाहेर उतू जाते. लवंगेच्या तेलाने ते पाहता पाहता घट्ट होते. कडुनिंबाचा हिरवा रंग महिनाभरात मातकट होतो. मुलतानी माती आणि मीठ यांचा त्रास त्यामानाने कमी. मिठाने वडी कडक होते, पण फेस घटतो.

अंदाजपंचे मोजमाप येथे चालत नाही. चमच्याऐवजी वजनकाटा हवा, हातमोजे व चष्मा हवा. सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे पातेले तर वर्ज्यच, कारण सोड्याशी त्याची प्रक्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. वडी पडल्यावरही ती चार ते सहा आठवडे सुकू द्यावी लागते.

हा खटाटोप टाळू पाहणाऱ्यांसाठी बाजारात तयार सोप बेस मिळतो. त्याचे साबणीकरण आधीच झालेले असते. तो वितळवून रंग-गंध मिसळायचा, एवढेच काम. मात्र त्यात ताजा कोरफडीचा गर किंवा फळांचा रस घातल्यास वडीला बुरशी येऊ शकते. हौस घरापुरती असेल तोवर ठीक. विक्रीसाठी साबण करायचा, तर सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो.